पूर्णेच्या दोन्ही बाजूंना समुद्र

परभणी जिल्ह्यात समुद्र नाही, हे सांगायला भूगोलाचं पुस्तक लागत नाही. गोदावरी आहे, दुधना आहे, पूर्णा आहे, आणि उन्हाळा चढला की त्यांच्या पात्रांत पाण्यापेक्षा वाळूच जास्त दिसते. अशा मुलखात महानंदा मॅडमनी नोकरीची सगळी वर्षं समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या एका काटेरी जिवाची ओळख करून देण्यात घालवली. पुस्तकात त्याला सी-अर्चिन म्हणतात. मॅडम त्याला ‘समुद्रातली सायाळ’ म्हणायच्या. खरी सायाळ आम्हाला माहीत होती. भुईमुगाच्या रानात शिरून शेंगा उकरणारी, आणि जिचा काटा घरात आणला तर भांडणं लागतात असं आमची आजी म्हणायची, ती. मॅडमच्या कपाटात मात्र समुद्रातल्या सायाळी होत्या आणि त्यांच्यामुळं कधी भांडण लागल्याचं मला आठवत नाही. एकदाच लागलं, ते पुढं सांगते.

मॅडम नदीच्याच नावाच्या पूर्णा गावात, तिथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. मी चुडाव्याची. सकाळच्या गाडीनं पूर्णेला यायचं, रूळ ओलांडून कॉलेज गाठायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत. पहिल्या प्रॅक्टिकलच्या दिवशी गाडी उशिरा आली आणि मी धापा टाकत प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिले. समोर बुटक्या, ठसठशीत बाई. इरकली साडी, कपाळावर विभूतीची बारीक रेघ, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. त्यांनी उशीर का झाला हे विचारलंच नाही. ‘‘हात धू आणि ओंजळ कर,’’ म्हणाल्या.

मी ओंजळ केली. त्यांनी तिच्यात एक गोल, हलकं, फिकट जांभळं काहीतरी ठेवलं. लहानशा संत्र्याएवढं. वरून खालपर्यंत टाचणीच्या डोक्याएवढे उंचवटे, कुणीतरी बसून मणी लावावेत तसे, आणि वरच्या टोकापासून सुटलेल्या पाच पाकळ्या.

‘‘जपून. अंड्यासारखं असतंय. तू कुठली?’’

‘‘चुडाव्याची, मॅडम.’’

‘‘स्टेशनच्या अलीकडं का पलीकडं?’’

‘‘पलीकडं.’’

‘‘मंजे विहिरीचं पाणी जरा मचूळ लागतंय तिकडचं.’’

मी बघतच राहिले. आमच्या पाण्याची चव या बाईंना कशी ठाऊक? नंतर कळलं की प्रत्येकाला त्या असंच विचारायच्या. पोरगं कुठल्या गावचं, गावात कुठल्या बाजूला राहतं, शेत नदीकडचं की माळावरचं. पोरांची नावं त्या पार डिसेंबरपर्यंत चुकवायच्या, पण पत्ते पहिल्या आठवड्यात पक्के. वर्गात कुणी लॅटिन नाव घडाघडा म्हणून दाखवलं की म्हणायच्या, ‘‘झालं? सोयरीक जुळवताना नुसतं नाव विचारता का तुमी? घर विचारता, पाणी विचारता, शेजार विचारता. मग या बिचाऱ्याचं नुसतं नाव पाठ करून काय उपयोग? राहतंय कुठं ते सांग.’’

आणि मग स्वतःच सांगायला लागायच्या. टेबलावर पाच-सहा कवचं मांडलेली असायची. एकेकावर बोट ठेवून त्या बोलायच्या, जशी एखादी बाई आपल्या भावकीतल्या घरांबद्दल बोलते. हा फिकट जांभळा आपल्या कोकणच्या खडकांवरचा. लाटा जिथं आपटतात तिथंच यानं घर केलंय, कपारीत अंग रोवून बसतो. हा लांब काट्यांचा, काटे सुयांसारखे आणि आत विष. हा प्रवाळाच्या रानात राहतो, दिवसा सावलीत दडतो आणि अंधार पडला की चरायला निघतो. हा समुद्री गवतातला. याला ऊन सोसत नाही, म्हणून शिंपल्यांचे तुकडे, पाला, मिळेल ते डोक्यावर धरून बसतो. ‘‘आपण नाही का मे महिन्यात डोक्याला टापरं बांधून फिरत, तसं.’’ आणि हा चपटा, सँड डॉलर म्हणतात तो. धपाट्याला बोटानं भोकं पाडतात तशी दोन लांबट भोकं पडलेला. हा वाळूत पुरून घेतो. वरून माणूस चालत गेला तरी त्याला पत्ता लागत नाही की खाली कुणाचं घर आहे.

आमच्यातल्या एका वात्रट पोरानं मॅडमचंच नाव ‘सायाळ मॅडम’ ठेवलं होतं. का, तर वरून काटेरी. त्यांच्या कानावर ते गेलं. रागावल्या नाहीत. वर्गात येऊन म्हणाल्या, ‘‘नाव ठेवलं ते ठेवलं, पण शिकवलेलं तरी नीट ध्यानात ठेवा. काटे नुसते टोचायला नसतात. त्या काट्यांवर तोल धरून तो चालतो पण.’’

त्यांचे यजमान वैजनाथराव रेल्वेत गार्ड होते. पुढं सरकारनं गार्ड हा शब्द बदलला, पण पूर्णेत ते शेवटपर्यंत गार्डसाहेबच राहिले. मॅडमही त्यांना गार्डसाहेबच म्हणायच्या आणि ते बायकोला मॅडम म्हणायचे. उंच, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. मूलबाळ नव्हतं. रेल्वेवाल्यांना वर्षाला पास मिळतो. कॉलनीतली बाकीची मंडळी त्यावर तिरुपतीला जायची, काशीला जायची. या दोघांचे पास मॅडम ठरवतील तिकडं खर्ची पडायचे, आणि मॅडमना फक्त समुद्र दिसायचा.

पूर्णेवरून आठवड्याला एक गाडी जायची, एका टोकाला गुजरातच्या किनाऱ्यावरचं ओखा आणि दुसऱ्या टोकाला रामेश्वर. आमच्या लेखी ती एक लांबची गाडी होती. मॅडमना मात्र त्या गाडीचं भारी कौतुक. म्हणायच्या, ‘‘पूर्णेला समुद्र नाही म्हणतंय कोण? दोन्ही बाजूंना हाय. मधे फक्त रूळ हायेत.’’

एकदा ही दोघं रामेश्वरला गेली तेव्हा कॉलनीतली आणखी दोन कुटुंबं बरोबर होती. ती मंडळी तीर्थांवर बादल्यांनी अंघोळी करत होती आणि मॅडम ओहोटी लागलेल्या खडकांत साडी वर खोचून उकिडव्या बसल्या होत्या. ऊन मी म्हणत होतं. गार्डसाहेब त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभे. मॅडम या खड्ड्यातून त्या खड्ड्याकडं सरकल्या की छत्रीही सरकायची. शेजारीण शोधत आली आणि म्हणाली, ‘‘अहो भाऊसाहेब, देवदर्शन राह्यलं ना तुमचं!’’ गार्डसाहेब म्हणाले, ‘‘आमचं चालूच हाय वैनी. मॅडमचं झालं की मंदिरात जाऊ.’’

हा किस्सा त्या शेजारणीनंच आम्हाला सांगितला, थोडा हसत, थोडा हेव्यानं.

जिवंत अर्चिन मॅडमनी कधी उचलून आणला नाही. किनाऱ्यावर लाटेनं टाकलेली रिकामी कवचं तेवढी आणायच्या. गार्डसाहेब ती कापसात गुंडाळून जेवणाच्या डब्यात ठेवायचे. परतीच्या प्रवासात दोघं केळी आणि मुरमुऱ्यांवर राहायची, कारण डबे भरलेले.

आमच्या दुसऱ्या वर्षी कोकणची सहल निघाली. वर्गातल्या बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नव्हता. मुलींपैकी आम्ही तयार झालो, फक्त सत्यभामाच्या घरून नकार आला. सत्यभामा म्हणजे माझी बेंचवरची जोडीदारीण. पूर्णेजवळच्याच एका खेड्यातली, चार एकरांच्या घरची, आणि वर्गात सगळ्यांत बारकाईनं आकृत्या काढणारी. तिनं वडिलांचा नकार सांगितला तेव्हा मॅडमनी नुसतं ‘बरं’ म्हटलं. रविवारी सकाळी माझ्या घरी मॅडमचा निरोप आला, ‘चल, सत्यभामाकडं जायचंय.’ जीपमध्ये आम्ही दोघी शेवटच्या सीटवर, पायांशी कुणाच्या तरी कोंबड्या.

सत्यभामाचे वडील दत्तराव ओसरीवर बाज टाकून बसले होते. मॅडमना बघून गडबडीनं उठले, आतून सतरंजी मागवली, चहा सांगितला. मग बोलणं त्याच गोष्टीवर आलं.

‘‘मॅडम, राग नका मानू,’’ दत्तराव म्हणाले. ‘‘तुमच्यावर भरोसा हाय. पण मी म्हणतो, समुद्र बघून पोरीला करायचं काय? आमच्या घरात कुणीच बघितला न्हाई. आमचं काय अडलं?’’

मॅडमनी बशीतला चहा संपवला. ‘‘काही अडत नाही, दादा. माझे अप्पा पण असंच म्हणले होते.’’

मग त्यांनी जे सांगितलं ते मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मॅडम मूळच्या पाथरीच्या. अप्पांचं तिथं किराणा दुकान. पोरगी शिकायला बाहेर गावी ठेवली हेच त्या काळी लय झालं असं भावकीचं म्हणणं. एम.एस्सी.ला असताना वर्ग समुद्रावर निघाला आणि अप्पांनी नाही म्हणून सांगितलं. वर्ग गेला. मॅडम होस्टेलवर राहिल्या. परीक्षेत तोंडी प्रश्न आला, हा प्राणी कुठं राहतो. त्यांनी पुस्तकातलं उत्तर दिलं. बरोबर होतं, पूर्ण मार्क मिळाले.

‘‘बाहेर येऊन मी रडले, दादा. मैत्रिणींना वाटलं नापास झाले. मला काय वाटत होतं ते कुणाला सांगता येईना. जे मी सांगितलं ते माझं नव्हतंच.’’

दत्तराव ऐकत होते. आतल्या दाराशी सत्यभामा आणि तिची आई उभ्या होत्या.

‘‘पुढं नोकरी लागली, लग्न झालं. पहिला पास मिळाला तेव्हा मी अप्पांना बरोबर घेतलं. अप्पा म्हातारे झाले होते. रामेश्वर म्हटल्यावर लगेच तयार झाले. तिथं गेल्यावर पाण्यात पाय घालून उभे राहिले. तिथून हलेचनात. मला वाटलं चक्कर येते का काय. जवळ गेले तर म्हणाले, ‘महानंदा, मी तुला याच्यासाठी नाही म्हणलो होतो का गं?’ ’’

मॅडमनी पदरानं तोंड पुसलं, घाम पुसावा तसं.

‘‘तेवढंच म्हणले. मग खाली वाकून वाळूतलं एक कवच उचललं. बोटानं पाकळ्या मोजल्या. ‘पाच हायेत की. आपली नमः शिवायची पंचाक्षरी,’ म्हणले. ते कवच पाथरीला नेऊन देवघरात ठेवलं. मी त्यांना माफ करायला गेले नव्हते दादा, माझा राग कधीच गेला होता. पण त्यांनी स्वतःला काही माफ केलं नाही. जाईपर्यंत बोलायचे त्याच्यावर.’’

दत्तराव उठले, गोठ्याकडं गेले. तिथं ते काय करत होते देव जाणे, बैलांना वैरण तर सकाळीच पडलेली होती. परत आले आणि उंबऱ्याशी उभे राहून विचारलं, ‘‘कवा निघायचं हाय?’’

सत्यभामाच्या आईनं आतून पटकन गुळाची ढेप फोडल्याचा आवाज आला. निघताना मॅडमच्या पिशवीत गूळ-शेंगदाण्याची पुरचुंडी होती. जीपपर्यंत सोडायला आलेले दत्तराव हळूच म्हणाले, ‘‘मॅडम, बापांना नेत न्हाईत का सहलीला?’’ आणि स्वतःच लाजून हसले.

सहलीला गार्डसाहेबही रजा काढून आले. लाल बसनं घाट उतरलो, हवा चिकट झाली, आणि एका वळणावर झाडांच्या मधून समुद्र दिसला. बसमध्ये जो आरडाओरडा झाला त्यात मॅडमचा आवाज नव्हता. त्या आमच्याकडं तोंड करून बसल्या होत्या. समुद्र त्यांच्या पाठीमागं होता आणि त्या एकेकाचं तोंड बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळेला आम्ही खडकांवर उतरलो. पाणी मागं सरलेलं, खडकांत ठिकठिकाणी डबकी साठलेली. मॅडमनी एका कपारीशी बोलावलं. वाकून पाहिलं तर आत काळाजांभळा, जाडसर काट्यांचा गोळा. काटे सावकाश हलत होते. आमच्या कपाटातल्या त्या फिकट कवचाचा हा खरा रंग, हे कळायला मला थोडा वेळ लागला.

‘‘हा खळगा बघा,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘निम्मा लाटांनी केलेला, निम्मा यानं. दातांनी आणि काट्यांनी घासून घासून आपल्या अंगाचं माप घेतलंय दगडात. दात पाच. सगळा जबडा मिळून लहानशा कंदिलासारखा दिसतो. दगड झिजतो, दातही झिजतात, पण दात मागून वाढत राहतात.’’

सत्यभामा पालथी पडून आकृती काढायला लागली. बाकीचे पांगले. थोड्या वेळानं आरोळी आली, ‘‘मॅडम, मिळाला!’’

बालाजी नावाचा आमच्या वर्गातला मुलगा. स्वभावानं चांगला, पण हातात उत्साह फार. त्यानं छत्रीच्या टोकानं कपारीतून एक अर्चिन उचकटून काढला होता आणि रुमालावर ठेवून फोटोसाठी धरला होता. छत्री गार्डसाहेबांची.

मॅडम खडकांवरून इतक्या वेगानं आल्या की आम्हाला वाटलं पडतील. त्यांनी एकदा रुमालाकडं पाहिलं.

‘‘कुठून काढला?’’

बालाजीनं हात केला. तिकडं निदान वीसएक खळगे होते.

‘‘कुठल्या?’’

‘‘आठवंना मॅडम.’’

त्यांना इतकं चिडलेलं मी त्याआधी आणि नंतरही पाहिलं नाही. कॉलेजातली भाषा गळून पडली आणि पाथरीची वर आली. ‘‘आठवंना? घर उपसलंस आन् पत्ता इसरलास? तुला कुणी असं उचलून अनोळखी गावात टाकलं तर जमंल का? कामून हात लावलास?’’

बालाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तो पण हट्टी, म्हणाला, ‘‘मॅडम, शंभर हायेत की असे. एकानं काय होतंय?’’

‘‘तुझ्या गावात बी लय पोरं हायेत. तुझ्या आईला जाऊन सांगू का, एकानं काय होतंय?’’

तेवढ्यात गार्डसाहेब शांतपणे म्हणाले, ‘‘मॅडम, भरती लागली.’’

खरंच, लांबचे खडक दिसेनासे होत चालले होते. मॅडमनी रुमाल काढून टाकला आणि अर्चिन हातात घेतला, उघड्या तळहातावर. काटे टोचत असणार. त्या चेहऱ्यावर काही दाखवत नव्हत्या. डबक्यात बुडवून एका खळग्यात ठेवून पाहिला. खळगा मोठा पडला, लाट आली की तो आत डुगडुगायचा. दुसऱ्यात मावेना. तिसऱ्यात आधीच राहणारा होता. मग आम्ही सगळे वाकून रिकामे खळगे शोधायला लागलो. सत्यभामा ओरडली, ‘‘इथं बघा, मॅडम. दगडाला ताजा ओरखडा हाय.’’ छत्रीच्या टोकाचा पांढरा ओरखडा होता तो.

त्या खळग्यात तो बसला. जसा डब्याला डब्याचंच झाकण बसतं. पण नुसतं बसून भागत नव्हतं, त्याच्या बारीक नळ्यांसारख्या पायांनी दगड पकडायला हवा होता, आणि त्यांतले कितीतरी उचकटताना तुटलेले. लाटा आता आमच्या गुडघ्यांवर आपटत होत्या. मॅडम समुद्राकडं पाठ करून, दोन्ही हात खळग्याभोवती धरून उभ्या राहिल्या. लाट त्यांच्या पाठीवर फुटायची. गार्डसाहेब त्यांच्या मागं येऊन उभे राहिले, मग बालाजी त्यांच्या शेजारी, मग आम्ही जमेल तसे. कुणाला कुणी सांगितलं नव्हतं. किती वेळ गेला सांगता येत नाही. शेवटी मॅडमनी एका बोटानं त्याला हलकेच ढकलून पाहिलं. तो हलला नाही.

‘‘धरलं त्यानं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चला. तुटलेले पाय येतील परत.’’

किनाऱ्यावर आल्यावर गार्डसाहेबांनी टपरीवरून गरम पाणी मागून आणलं आणि मॅडमचा तळहात त्यात धरून ठेवला. हातावर ठिकठिकाणी जांभळे ठिपके होते. बालाजी लांब उभा होता. मॅडमनी त्याला हाक मारली, शेजारी बसवलं आणि दुसऱ्या हातानं त्याला शेंगदाणे दिले. दत्तरावांच्या घरचे. पुरचुंडी रिकामी झाली तेव्हा बालाजी म्हणाला, ‘‘मॅडम, तो वाचंल का?’’

‘‘मला माहीत नाही,’’ मॅडम म्हणाल्या.

खोटा दिलासा त्यांना देता येत नसे. पण दुसरा हात त्याच्या पाठीवर ठेवून बसल्या.

पुढं आम्ही पांगलो. सत्यभामा नांदेडला एका रक्तपेढीत लागली. मला पाथरीजवळच्या खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर नोकरी मिळाली. मॅडम निवृत्त झाल्या. दोघांनी आता मनसोक्त फिरायचं ठरवलं होतं. अंदमानाला जायचं होतं. तिथल्या प्रवाळांत राहणारा एक अर्चिन मॅडमना बघायचा होता, ज्याचे काटे पेन्सिलीएवढे जाड असतात. पण निवृत्तीला वर्ष होतंय न होतंय तोच गार्डसाहेब गेले. सकाळी दाढी करता करता खाली बसले, आणि बसलेच.

मी भेटायला गेले तेव्हा मॅडम स्वयंपाकघरात जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या. निवडून झालेली मेथी पुन्हा निवडत होत्या. कवचांचं खोकं कपाटावर चढवलेलं, वर वर्तमानपत्र झाकलेलं. मी म्हटलं, ‘‘मॅडम, आमच्या शाळेत या ना. लेकरांना दाखवा.’’

‘‘आता नको गं.’’

‘‘बरं वाटेल तुम्हाला.’’

‘‘बरं वाटून काय करू?’’ त्या म्हणाल्या. रागानं नाही, खरंच विचारल्यासारखं. मी बसले आणि त्यांच्याबरोबर मेथी निवडली.

पुन्हा विषय काढायची माझी हिंमत झाली नाही. म्हणून पावसाळा संपता संपता एका सकाळी शाळेच्या फाटकाशी जीप थांबली आणि मॅडम खोकं छातीशी धरून उतरल्या, तेव्हा मी खडू हातात घेऊनच फाटकाकडं धावले. एसटीनं पाथरीपर्यंत, तिथून जीपनं, खोकं कुणाच्या हातात न देता. ‘‘घर खायला उठलंय,’’ एवढंच म्हणाल्या, आणि पाणीसुद्धा न पिता वर्गात शिरल्या.

चौथीची लेकरं. मॅडम त्यांच्यात जमिनीवर बसल्या. सुरुवातीला आवाज बारीक लागत होता. मग एका पोरीनं चपटा उचलून ‘‘धपाटं!’’ म्हटलं आणि त्या हसल्या. कोण कपारीत, कोण गवतात, कोण वाळूखाली, सगळी घरं सांगून झाली. आफरीन नावाची आमची एक चुणचुणीत मुलगी आहे. ती बराच वेळ हातातलं कवच उलटसुलट करून बघत होती. खालच्या भोकाला डोळा लावून म्हणाली, ‘‘याच्या आतलं कुठं गेलं?’’

‘‘मेलं, बाळ. हे नुसतं घर राहिलं.’’

मला वाटलं, आता काहीतरी बोलून विषय बदलावा. पण आफरीनचं संपलं नव्हतं.

‘‘मग रिकाम्या घराचं काय होतंय?’’

मॅडम तिच्याकडं बघत राहिल्या. त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्या गोष्टीकडं त्यांनी त्या बाजूनं पाहिलं नसावं.

‘‘काही फुटतात,’’ त्या हळूहळू म्हणाल्या. ‘‘वाळू होते त्यांची. आन् काही तळाशी पडून राहतात, त्यांच्यात बारके मासे शिरतात. इवलाले खेकडे येतात. ज्यांना मोठ्या माशांचं भेव असतंय ते.’’

‘‘भाडं देतेत का?’’ मागून एक पोरगा म्हणाला, आणि वर्ग खदखदा हसला. मॅडमही हसल्या. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसायला लागल्या, आणि मी फळा पुसायला वळले.

परतताना एसटीत बसवून द्यायला मी पाथरीला गेले. गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून विचारलं, ‘‘चुडाव्याहून, लिमल्याहून पोरी अजून गाडीनंच येतात का गं कॉलेजला? गाडी चुकली की काय करतात?’’

दिवाळीनंतर कळलं की मॅडमच्या घरी कॉलेजच्या दोन मुली राहायला आल्या आहेत. पुढच्या वर्षी पाच झाल्या. शेजारणीनं सांगितलं, गार्डसाहेबांची खोली, जिचं दार मॅडमनी बंद करून ठेवलं होतं, ती पहिल्यांदा उघडली. कोळ्याष्टकं काढली, त्यांचा रेल्वेचा कोट बाहेर उन्हात घातला आणि थंडीत एका मुलीला पांघरायला दिला. कुणाची मुलगी, कुठल्या जातीची, हे विचारलं नाही. शेत नदीकडचं की माळावरचं, ते मात्र विचारलं असणार.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मार्चमधल्या एका दुपारी. मुलींच्या परीक्षा चालू होत्या. दाराशी चपलांचा ढीग, दोरीवर रंगीबेरंगी ओढण्या, आत कुकरची शिट्टी. मॅडम पुढच्या खोलीत आरामखुर्चीवर होत्या. फार वाळल्या होत्या. डोळे मिटलेले, हात मांडीवर. शेजारी खाली एक मुलगी पुस्तक मोठ्यानं वाचत बसली होती, कारण मॅडमना आता अक्षरं दिसत नसत आणि मुलीला वाचून दाखवल्याशिवाय पाठ होत नसे. तिनं मला पाहून ओठांवर बोट ठेवलं, झोपल्यात म्हणून खूण केली. मी दारातच थांबले. मुलीनं वाचणं सुरू ठेवलं, पण आवाज उतरवला, आणि मॅडम झोपल्याच आहेत अशा हिशेबानं मधली आठ-दहा वाक्यं गाळून सरळ पुढच्या पानावर गेली.

‘‘मागं जा,’’ मॅडम डोळे न उघडता म्हणाल्या. ‘‘राहिलंय मधलं.’’

मुलीनं जीभ चावली आणि पान मागं उलटलं. माझ्या गाडीची वेळ झाली होती. मी त्यांना हाक मारली नाही. ती वाचत होती, त्या ऐकत होत्या, आणि आतून दुसरी एक मुलगी विचारत होती की भाताला मीठ कुणी घातलंय का.